गच्चीवरची डिश आणि टाकीमागचा डबा

पत्र

ताई, तुमचं सदर माझी बायको वाचते, तिनेच लिहायला बसवलं. मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात १९९४ पासून केबलचा धंदा करतो. वय ५४. भरात होतो तेव्हा साडेअकराशे कनेक्शनं होती. आज ४१० बॉक्स चालू आहेत, त्यातले दिवाळीपर्यंत किती टिकतील देव जाणे. घरटी सरासरी ३०० रुपये वसूल होतात, त्यातले १९० वर, सिग्नल देणाऱ्या मोठ्या केबल कंपनीला जातात. उरलेल्या ११० मध्ये दोन पोरांचे पगार, लाइटबिल, वायरी, पेट्रोल. गिऱ्हाईक म्हणतं, काका, आता मोबाइलवरच बघतो. ज्यांच्या घरी मी पहिला रंगीत टीव्ही लावून दिला होता, त्यांनी परवा बॉक्स आणून काउंटरवर ठेवला. रिमोटचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

शेजारच्या तालुक्यातला एक मोठा ऑपरेटर म्हणतोय, बॉक्समागे २५०० घ्या आणि लाइन देऊन टाका. दुसरीकडे एक इंटरनेट कंपनी म्हणते फायबर टाका, बिलातले ४० टक्के तुमचे. खर्च काढला तर १४ लाख, म्हणजे कर्ज आलं. मुलगा २६ वर्षांचा, डिप्लोमा झालाय. तो म्हणतो विकून मोकळे व्हा, टीव्ही आता कोण बघतंय.

आणखी एक गोष्ट आहे, ती बायकोलाही सांगितलेली नाही. टाकी धुवायला गच्चीवर गेलो तर टाकीमागे एक पांढरा डबा बसवलेला दिसला. टॉवरवरून हवेतनं येणारं नेट. माझ्याच घरात, माझ्याच पोरानं, मला न विचारता. शेजारीच माझी जुनी बारा फुटी डिश उताणी पडलीय, बायको तिच्यात कुरडया वाळवते. मी काही बोललो नाही, खाली आलो. खाली म्हातारी आई केबलवर मालिका बघत होती. घरात तेवढी एकच राहिलीय बघणारी.

आता तुम्ही सांगा. विकू, कर्ज काढू, का गप्प बसू?

— एक केबलवाला

उत्तर

दादा,

आधी एक कबुली देते. आमच्या घरी सात वर्षं केबल फुकट होती. आमचं घर गल्लीच्या बरोबर मध्यावर, म्हणून केबलवाल्याने त्याचा अॅम्प्लिफायर आमच्या पडवीत ठोकला आणि प्लग आमच्या बोर्डात खुपसला. वीज आमची, केबल त्याची, हिशोब फिटला. असे तोंडी करार तुम्हीही डझनांनी केले असतील. एका मे महिन्यात आई आम्हा भावंडांना घेऊन आजोळी निघाली आणि सवयीने मेन स्विच खाली करून गेली. रविवार होता, संध्याकाळच्या पिक्चरची वेळ. आम्ही एसटी स्टँडवर पोचतो न पोचतो तोच केबलवाला सायकल दामटत आला. आमच्या पुढच्या चौदा घरांत एकाच क्षणी मुंग्या आल्या होत्या आणि चौदाच्या चौदा घरं रस्त्यावर येऊन त्याच्या नावाने शिमगा करत होती. आईने घराची किल्ली काढून त्याच्या हातात ठेवली. पुढे ती किल्ली कायमची त्याच्याकडेच राहिली.

तुमचं पत्र वाचल्यापासून तो ओरडा माझ्या कानात आहे. ती घरं एकदम ओरडली कारण ती एकदम तेच बघत होती. तुमचा धंदा त्या ओरड्यावर उभा होता, दादा. आज नेट गेलं की माणूस आपल्या खोलीत एकटा चरफडतो, राउटर बंद करून चालू करतो, फोन लावून अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा ऐकत बसतो. रस्त्यावर कोणी येत नाही. शेजारच्या खोलीतल्या भावालाही पत्ता नसतो, कारण तो दुसरंच काहीतरी बघत असतो.

तेव्हा मुलाचं वाक्य आधी दुरुस्त करू. टीव्ही आता कोण बघतंय, असं नाही. ज्यांनी बॉक्स परत केला त्यांच्या हॉलमध्ये जाऊन बघा, भिंतीवरचा टीव्ही पूर्वीपेक्षा मोठा झालाय. हप्त्यावर घेतलेला त्रेचाळीस इंची. लोकांनी टीव्ही सोडलेला नाही, घड्याळ सोडलं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं तेव्हापासून टीव्ही बघणं म्हणजे कुणीतरी ठरवलेल्या वेळेला येऊन बसणं. तुम्ही १९९४ ला आलात तेव्हा एकाचे वीस चॅनल झाले, पण घड्याळ तेच राहिलं. साडेसातची मालिका साडेसातलाच. कुकरच्या शिट्ट्या त्या हिशोबाने, पाहुण्यांनी यायचं त्या हिशोबाने. आता मालिकेचा भाग ॲपवर पैसे भरणाऱ्याला टीव्हीच्या आधी मिळतो. माझी भाची रात्रीचा भाग सकाळी ऑफिसच्या बसमध्ये दीडपट वेगाने संपवते आणि संध्याकाळी आजीला विचारते, सांगू का काय होणारे? आजी कानावर हात ठेवते. घरात या एवढ्याच गोष्टीवरून रोज भांडण आहे आणि दोघींनाही ते आवडतं, असा माझा संशय आहे.

तुमची गिऱ्हाइकं कधी गेली ते तारखेनिशी सांगता येईल. ५ सप्टेंबर २०१६, गणेश चतुर्थी. त्या दिवशी जिओ सुरू झालं. तोपर्यंत माणूस एक जीबी डेटा महिनाभर तुपासारखा वापरायचा, त्यानंतर तो पाण्यासारखा सांडायला लागला. गणपतीपुढे बसून पोरं व्हिडिओ बघत होती तेव्हाच ती तुमच्या लाइनवरून उतरली होती. बॉक्स मात्र वडिलांच्या नावावर आणखी पाच-सहा वर्षं चालू राहिला, म्हणून तुम्हाला उशिरा कळलं.

मधे २०१९ साली आणखी एक गोष्ट झाली, तिचा दोष तुमच्या माथी उगाच आला. ट्रायने, म्हणजे टीव्ही-फोनचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, त्या फेब्रुवारीपासून नवे दर लावले. पहिल्या शंभर चॅनलना १३० रुपये, त्यावर जीएसटी, आणि पैशाचं चॅनल हवं तर प्रत्येकाची किंमत वेगळी. हेतू चांगला होता, बघाल त्याचेच पैसे द्या. पण त्याआधी तुमचं गिऱ्हाईक अडीचशेची नोट देऊन मोकळं व्हायचं, घरात काय काय येतंय हे त्याने कधी मोजलं नव्हतं. त्या वर्षी पहिल्यांदा ते पेन घेऊन बसलं. माणूस एकदा मोजायला बसला की त्याला दिसतं की आपण सहा चॅनल बघतो आणि तीनशे चॅनलचे पैसे देतो. त्या १३० मधले तुमच्या वाट्याला आले किती? वेगळा करार नसेल तर पंचेचाळीस टक्के, म्हणजे साडेअठ्ठावन्न रुपये. शिव्या मात्र शंभर टक्के तुम्हीच खाल्ल्यात, कारण दारात तुम्ही उभे होतात.

(रागावू नका, पण डिजिटल बॉक्स येण्याआधी साडेअकराशेतली कनेक्शनं वर कंपनीला किती दाखवत होतात, हे मी विचारत नाही. बॉक्स आल्यावर प्रत्येक कनेक्शन मोजलं गेलं आणि सगळ्याच केबलवाल्यांची ती जुनी मलई गेली. ही पडझड इंटरनेटच्या खात्यावर टाकू नका.)

तुम्ही एकटे बुडताय असंही समजू नका. ज्या छत्रीवाल्यांनी, म्हणजे डीटीएच कंपन्यांनी, एके काळी तुमची गिऱ्हाइकं पळवली, त्यांची पैसे भरणारी गिऱ्हाइकं २०२१ च्या मार्चमध्ये देशभरात जवळपास सात कोटी होती. २०२४ च्या मार्चमध्ये ती सहा कोटी वीस लाखांच्या आत आली. आणि क्रिकेटचं बघा. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ च्या हक्कांचा लिलाव झाला तेव्हा भारतातले टीव्हीचे हक्क २३,५७५ कोटींना गेले आणि मोबाइल-इंटरनेटचे दोन्ही गट्ठे मिळून २३,७५८ कोटींना. फरक थोडा आहे, पण तराजू कुठे झुकला ते दिसतं. २०२३ ला मॅच मोबाइलवर फुकट दाखवल्या, मराठी समालोचनासकट. ते फुकटचे दिवस पुढे संपले आणि आता रिचार्जच्या पुडीत बांधून देतात, पण तोवर लोकांना सवय लागून गेली.

आता तुमच्या ४१० कडे येते. तुम्ही सगळ्या गेलेल्यांना एकाच पोत्यात भरताय, 'मोबाइलवर बघतात.' तसं नाही. केबल दोन्ही बाजूंनी कुरतडली जातेय. वरच्या बाजूने ज्यांच्याकडे पैसा आहे ते फायबर घेऊन ॲपवर गेले. खालच्या बाजूने ज्यांना ३०० जड झाले ते दूरदर्शनच्या फ्री डिशवर गेले. एकदाच छत्री आणि बॉक्सचे पैसे भरायचे, पुढे महिन्याला काही नाही. तुमच्या गावाच्या कडेच्या वस्तीवर, वीटभट्टीकडे, रानातल्या घरांवर वर मान करून बघा, छोट्या छत्र्या दिसतील. ही माणसं इंटरनेटने नेलेली नाहीत आणि फायबर टाकून ती परत येणार नाहीत. त्यांना सोडून द्या. वरच्या बाजूने गेलेली मात्र परत येऊ शकतात, पण चॅनल बघायला नाही.

म्हणून विकायच्या आणि कर्जाच्या आधी एक काम करा. एक दोनशे पानी वही घ्या आणि स्वतः गल्ल्या फिरा. वसुलीच्या पोराला पाठवू नका. बंद झालेल्या घरांतही जा. गेलात की 'केबल का बंद केली' असं विचारायचं नाही. तोंडावर सगळे गोडच बोलतात, काका तुमची सर्व्हिस चांगली होती हो, असं म्हणून चहा देतील. तुम्ही पाणी मागायच्या निमित्ताने हॉलमध्ये बसा आणि टीव्हीच्या मागे बघा. कुठली वायर कुठे खुपसलीय त्यावर तुम्हाला सगळं कळेल, तीस वर्षांची नजर आहे. बॉक्सवर धूळ आणि टीव्हीच्या एचडीएमआय भोकाला ॲपं दाखवणारी काडी लटकलेली असेल, तर ते घर पूर्ण गेलं. बॉक्स आणि काडी दोन्ही असतील, तर घरात कुणीतरी म्हातारं आहे आणि बॉक्स त्याच्या नावाने चालू आहे. टीव्ही स्मार्ट पण त्याच्यामागे फक्त लाइटची वायर, म्हणजे मोबाइलचं हॉटस्पॉट जोडून बघतात, आणि रोज रात्री डेटा संपला म्हणून पोरांची बाचाबाची होते. हे तिसरं घर वहीत लाल पेनाने लिहा. तुमचं पुढचं गिऱ्हाईक तेच.

मग तीन गोष्टी विचारा. मालिका वेळेवर शेवटची कधी बघितली? नेट बंद पडलं तर कुणाला फोन करता आणि माणूस किती दिवसांनी येतो? घरात एका वेळी किती जण काहीतरी बघत असतात? तिसऱ्या प्रश्नावर घरोघरी हसू येईल. तुमच्या काळात उत्तर एकच होतं, सगळे. आता बाबा हॉलमध्ये बातम्या, आई स्वयंपाकघरात कणीक मळताना फोन डब्याला टेकवून रेसिपी, मुलगी गादीवर कोरियन मालिका, मुलगा गेम. चार पडदे, चार आवाज. एका चांगल्या चित्राच्या तासाला दोन-तीन जीबी लागतात. त्या घराला मोबाइलचा रोजचा दोन जीबी कसा पुरणार? वायर लागणारच.

वायर कशी टाकायची हे तुमच्याइतकं गावात कुणाला येतं? तुम्हाला प्रत्येक पोल ठाऊक आहे, कुठल्या घराचा आंबा वायरीवर येतो ते ठाऊक आहे, कुठली म्हातारी भिंतीला भोक पाडू देणार नाही ते ठाऊक आहे. शेजारचा ऑपरेटर बॉक्समागे २५०० देतोय, म्हणजे सव्वादहा लाख, ते बॉक्सचे नाहीत. मरायला टेकलेल्या बॉक्सचे अडीच हजार कोण देईल? तो तुमचा रस्ता विकत घेतोय, पोल ते घर. उद्या त्याच रस्त्यावर तो फायबर टाकेल. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, आत्ता विकू नका. विकायचंच झालं तरी फायबर चारशे घरांत फिरल्यावर विका, तेव्हा भाव वेगळा असेल.

आणि १४ लाखांचं कर्जही काढू नका. अख्खं गाव एकदम करायचं खूळ डोक्यातून काढा. वहीत लाल पेनाची घरं जिथे दाट दिसतात त्या दोन गल्ल्या निवडा. एक छोटा ओएलटी, म्हणजे घराघरांत फायबरवरून नेट सोडणारं मुख्य मशीन, इंटरनेट कंपनीकडूनच मागून घ्या, गरज त्यांनाही आहे. त्याच्या एका पोर्टवरून, म्हणजे एका तोंडातून, फायबर फाटे फोडत ६४ घरांपर्यंत नेता येतं, पण तुम्ही ३२ वर थांबा, रात्री आठ ते दहा सगळे एकदम बसतात तेव्हा दम लागतो. मधे वीज लागत नाही हे एक सुख. आमच्या पडवीतल्या प्लगसारखी भानगड संपली, कुणाच्या आईने मेन स्विच बंद केला तरी पुढची घरं चालू. पहिल्या ६० घरांत तुम्हाला घरामागे, ५०० च्या प्लॅनवर ४० टक्क्यांनी, २०० मिळतील. म्हणजे बारा हजार. केबलमध्ये एवढ्यासाठी एकशे दहा घरं सांभाळावी लागतात. दोनशे घरं झाली की चाळीस हजार, आजच्या तुमच्या ४१० बॉक्सच्या पंचेचाळीस हजारांच्या अगदी जवळ. तिथे पोचायला दीड-दोन वर्षं लागली तरी बिघडत नाही, तोवर केबल घर चालवतेय. फायबरची टोकं जोडायचं स्प्लायसिंग मशीन पहिल्या वर्षी विकत घेऊ नका, भाड्याने आणा.

कंपनीचा कागद सही करण्याआधी कुणातरी वकिलाला पाचशे रुपये देऊन वाचून घ्या. चाळीस टक्के जीएसटीच्या आधीच्या रकमेवर की नंतरच्या, हे लिहून हवं. टाकलेली फायबर तुमची की त्यांची, हे तर ठळक अक्षरांत हवं. उद्या करार मोडला तर गिऱ्हाईक कुणाचं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, वरून किती बँडविड्थ, म्हणजे एका वेळी किती नेट, देणार आणि मॅचच्या रात्री ती वाढवणार का?

हे मॅचचं जरा समजून घ्या, यात तुमचा फायदा लपलाय. केबलवर सिग्नल एकदा सोडला की दहा घरं बघोत नाहीतर हजार, लाइनवर भार तोच. इंटरनेटवर तसं नाही. तीनशे घरांनी तीच ओव्हर बघितली तर तीनशे वेगळे प्रवाह ओढले जातात, तोच चेंडू तीनशे वेळा तुमच्या वायरीतून जातो. म्हणून फायनलच्या रात्री नेट गरगर फिरतं. शिवाय ॲपवरचं चित्र मागे असतं, पंधरा-वीस सेकंद, कधी अर्धा मिनिटसुद्धा. आमच्या सोसायटीत गेल्या फायनलला गंमत झाली. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा जुन्या केबलवर बघत होते. ते 'आउट!' म्हणून ओरडले की वरचे दोन मजले कपाळाला हात लावायचे, कारण त्यांच्या पडद्यावर गोलंदाज अजून रनअप घेत असायचा. तिसऱ्या विकेटनंतर वरची चार पोरं खाली आजोबांच्या सतरंजीवर येऊन बसली. तेव्हा फायबरच्या गिऱ्हाइकालाही केबलचा बॉक्स स्वस्तात ठेवायला सांगा, एका बिलात. मॅचसाठी आणि घरातल्या म्हाताऱ्यांसाठी.

म्हाताऱ्यांचं मी सहज म्हणत नाही. स्मार्ट टीव्हीच्या रिमोटवर बटणं दहाच असतात, पण त्यातलं एकही आजीच्या ओळखीचं नसतं. १०७ दाबलं की आपलं चॅनल, हे तिला येत होतं. आता तिला एक-एक अक्षर शोधत बाणाने मालिकेचं नाव लिहावं लागतं, आणि मधेच घरात कुणी नसताना पासवर्ड मागितला की टीव्ही काळा. मुलगा पुण्यात, सून नोकरीवर. अशा घरांत जाऊन पहिल्या पडद्यावर चारच ॲपं ठेवून देणारा, आवाजाने शोधायचं बटण दाखवून देणारा, महिन्यातून एकदा 'आजी, दिसतंय का' विचारणारा माणूस कुठल्याही टोल फ्री नंबरवर मिळत नाही. याचे वेगळे शंभर रुपये घ्या. लाजू नका, पुण्यातला मुलगा आनंदाने पाठवेल.

एका गोष्टीपासून चार हात लांब राहा. तुमच्याकडे कुणीतरी येईल आणि सांगेल, हा एक बॉक्स लावा, सगळी चॅनल, सगळी ॲपं, वर्षाला अमुक रुपये. किंवा म्हणेल, तुमच्याच सर्व्हरवरून नवे पिक्चर सोडा, पूर्वी व्हीसीआर लावून दुपारचा पिक्चर सोडायचात तसा. तेव्हा गावात कुणी विचारत नव्हतं, आता चॅनलवाल्यांची माणसं पोलीस घेऊन येतात, आणि गुन्हा तुमच्या नावावर पडतो, बॉक्स विकणाऱ्याचा फोन बंद असतो. नोंदणीचंही बघून घ्या. पूर्वी मोठ्या पोस्टात दरवर्षी पाचशे भरून व्हायची, २०२५ पासून ती ऑनलाइन, पाच वर्षांसाठी झाली आहे. कागद चोख असलेला छोटा ऑपरेटर मोठ्या कंपनीला हवा असतो.

हवेतून येणाऱ्या नेटची भीती तुम्हाला वाटतेय आणि ती खोटी नाही. २०२३ पासून दोन्ही मोठ्या मोबाइल कंपन्यांनी ते डबे विकायला काढले. त्याला पोल नको, परवानगी नको, आंबा छाटायला नको. तुमचा रस्ताच त्यांना लागत नाही. पण ठरावीक डेटा वापरून झाला की वेग पडतो, आणि एका टॉवरवर गिऱ्हाइकं वाढली की संध्याकाळी सगळेच रांगेत. आणखी तीन वर्षांनी काय होईल ते मी छातीठोक सांगणार नाही. म्हणूनच म्हणतेय, १४ लाख नकोत, दोन गल्ल्या.

तर, टाकीमागचा डबा.

तुम्ही लिहिलंय, 'मी काही बोललो नाही, खाली आलो.' पत्रातला सगळा धंद्याचा हिशोब या एका वाक्याच्या वजनापुढे हलका आहे, हे तुम्हालाही माहीत असणार, म्हणून ते बायकोलाही सांगितलं नाहीत. तुम्हाला वाटतं पोरगा फितूर झाला. मला दुसरं दिसतं. त्याने तो डबा समोर, डिशच्या शेजारी लावला असता तर सिग्नल कदाचित जास्त चांगला आला असता. त्याने टाकीमागे लावला. तुम्हाला दिसू नये म्हणून. ज्याला बापाच्या धंद्याची फिकीर नसते तो असं लपवत नाही, दादा. आणि 'विकून मोकळे व्हा' हे तो तुम्हाला सांगतोय की स्वतःला सोडवून घेतोय, म्हणजे मी या लाइनवर आयुष्य काढू का, हा प्रश्न विचारायची हिंमत होत नाही म्हणून असं बोलतोय, ते तुम्हाला त्याच्याशी बोलल्याशिवाय कळणार नाही. त्याने या धंद्यात यावंच असं माझं म्हणणं नाही. नसेल यायचं तर ओएलटीसुद्धा आणू नका, केबल आहे तोवर चालवा, मग ठरवू विकायचं. ५४ व्या वर्षी एकट्याने शिडी घेऊन नवी लाइन टाकत फिरायची गरज नाही.

पण विचारा. आणि 'मला न विचारता का लावलास' असं विचारू नका. ज्या चारशे दहा घरांबाहेरची सातशे चाळीस घरं तुम्हाला सोडून गेली, त्यातलं कुणीही तुम्हाला खरं कारण सांगणार नाही. तुमच्या घरात एक असा आहे जो सांगू शकतो. किती पैसे देतोस, रात्री अडकतं का, मित्रांपैकी कुणाकुणाकडे आहे, मी फायबर दिली असती तर हा डबा लावला असतास का, असं गिऱ्हाइकाला विचारता तसं विचारा. संध्याकाळी कुरडया काढायला दोघं वर जा, डिशच्या कडेवर बसा. वही बरोबर न्या. पहिल्या पानावर पहिलं घर तुमचंच लिहा.

आईंचा बॉक्स चालू राहू द्या. आणि लाल पेनाची घरं किती निघाली ते मला कळवा.